जेनेरिक ६५०: फाइलसिस्टीम लिहीत असताना प्रोसेसर काढून घेणारी चाचणी, आणि ती नापास झाल्यावर काय करायचं

फाइलसिस्टीमवर लिखाणाचा मारा चालू ठेवायचा आणि त्याच वेळी खालून प्रोसेसर काढायचे, परत लावायचे, पुन्हा काढायचे. एफएसटेस्ट्स या लिनक्सच्या फाइलसिस्टीम-चाचण्यांच्या संचातली जेनेरिक ६५० ही चाचणी एवढंच करते. संच मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. त्याचा जन्म एसजीआय या संगणक कंपनीत एक्सएफएस या फाइलसिस्टीमसाठी झाला, म्हणून जुनी मंडळी अजून त्याला एक्सएफएसटेस्ट्सच म्हणतात. आता त्यात एक्सटी४, बीटीआरएफएस आणि इतरांचेही विभाग आहेत. ६५० ही २०२१मधली. ती लिहिली डॅरिक वाँग यांनी, ओरॅकलमध्ये असताना.

मत आधीच सांगून टाकतो. बिघाड उकरून काढण्यात ही चाचणी पहिल्या रांगेत बसते. बिघाड कुठे आहे ते सांगण्यात मात्र ती जवळजवळ मुकी आहे. 'सायलेन्स इज गोल्डन' ही एक ओळ हेच तिचं अपेक्षित उत्तर, आणि हा बाणा ती नापास होतानाही सोडत नाही. त्यामुळे हे परीक्षण चाचणीचं आहे तेवढंच तिच्याभोवती जे सामान स्वतः जमवावं लागतं त्याचंही आहे.

'हॉटप्लग' म्हटल्यावर कुणी स्क्रू-ड्रायव्हर शोधू नये. इथे प्रोसेसर सॉकेटमधून निघत नाही; कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या कोअरला काम देणं थांबवतो, त्याच्याकडची कामं दुसरीकडे हलवतो आणि त्याला झोपवतो. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणारी जागा) प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरात 'ऑनलाइन' नावाची फाइल असते. तिच्यात शून्य लिहिलं की कोअर गेला, एक लिहिलं की आला.

मांडणी

यात फार वेळ जात नाही. नेहमीची कंपाइलरची हत्यारं, एक्सएफएसप्रॉग्ज, यूयूआयडी, एसीएल आणि एआयओ यांची डेव्हलपमेंट पॅकेजं टाकली की मेक चालतो. चाचणीच्या जुन्या आवृत्त्यांना 'किलऑल' लागतं. काटकसरीच्या क्लाउड प्रतिमांमध्ये ते नसतं आणि चाचणी 'नॉट रन' म्हणून पुढे जाते. लोकल डॉट कॉन्फिगमध्ये टेस्ट आणि स्क्रॅच अशी दोन डिव्हायसेस आणि त्यांचे माउंट पॉइंट द्यायचे. प्रत्येकी दहा-वीस जीबी पुरतात. ६५० फक्त टेस्ट डिव्हाइस वापरते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण स्क्रॅच डिव्हाइस चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा फॉरमॅट होत राहतं, टेस्ट डिव्हाइस होत नाही. ६५०ने तिथे घाण केली तर पुढच्या पंधरा चाचण्या तिच्या नावाने रडतात. नापास झाल्यावर आधी त्या डिव्हाइसची प्रत काढून ठेवा आणि मगच ते नव्याने फॉरमॅट करा. हे दर सेक्शनच्या सुरुवातीला आपोआप व्हावं असं वाटत असेल तर कॉन्फिगमध्ये 'रिक्रिएट टेस्ट डेव्ह' हा पर्याय आहे.

यंत्र म्हणून केव्हीएम या लिनक्सच्या सोयीतलं आभासी यंत्र घ्या, आठ व्हीसीपीयूचं, म्हणजे आठ आभासी प्रोसेसरांचं. एका व्हीसीपीयूवर चाचणी चालणारच नाही. दोनवर चालते, पण x८६वर शून्य क्रमांकाचा प्रोसेसर काढता येत नाही (तो काढण्याची पूर्वीची सोय ६.५ कर्नलमध्ये काढून टाकली), म्हणजे खेळायला एकच कोअर उरतो. एआरएमवर बहुधा शून्य क्रमांकही काढता येतो, म्हणून तिथले निकाल कधी कधी वेगळे दिसतात.

सिरियल कन्सोल (कर्नलचे संदेश बाहेर पाठवणारी वाट) होस्टवरच्या, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्रावरच्या, फाइलीत जात असलाच पाहिजे, ही अट सोडू नका. ही चाचणी बिघडते तेव्हा बऱ्याचदा यंत्र अडकतं, एसएसएच (दूरचं लॉगिन) जातं आणि डिस्कवर लॉग लिहिणाराच अडकून बसलेला असतो. सिरियल नसेल तर हातात काही उरत नाही.

आतून कशी चालते

एक पार्श्वभूमीतला लूप दर वेळी काढता येण्याजोगा एक प्रोसेसर यादृच्छिक निवडतो, शून्य की एक हेही यादृच्छिक ठरवतो, 'ऑनलाइन' फाइलीत लिहितो आणि अर्धा सेकंद झोपतो. समोर एफएसस्ट्रेस हा भार टाकणारा प्रोग्रॅम फक्त लिहिणाऱ्या क्रियांसह चालतो: फाइल तयार करणं, खोडणं, नाव बदलणं, लांबी कापणं वगैरे. जितके काढता येणारे प्रोसेसर तितक्या प्रक्रिया. भार वाढवणारा लोड फॅक्टर दिला तर त्या पटीत, आणि आकडा १०२४च्या वर गेला तर परत प्रोसेसरमागे एक. अशा दहा फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीत प्रक्रियेमागे २५०० क्रिया, आणि दोन फेऱ्यांमध्ये फाइलसिस्टीम अनमाउंट करून पुन्हा माउंट होते. हे अनमाउंट वरवर किरकोळ दिसतं, पण अर्धी वसुली तिथेच होते: शिल्लक शून्य असायला हवी त्या काउंटरांची झडती अनमाउंटच्या वेळी लागते.

आता थोडं गणित, कारण त्यावरूनच निकाल किती खरा मानायचा ते ठरतं. सेकंदाला जास्तीत जास्त दोन लिखाणं. त्यातली सरासरी निम्मी वाया, कारण निवडलेला प्रोसेसर आधीच त्या अवस्थेत असतो. म्हणजे सेकंदाला एक खरा बदल, आणि दर दोन सेकंदांनी एक कोअर बाहेर. आठ व्हीसीपीयूच्या यंत्रावर, एकदा लूप स्थिरावला की सरासरी साडेचारच प्रोसेसर चालू असतात. तीस सेकंदांत सगळं उरकलं तर पंधराएक वेळाच कोअर बाहेर गेलेला असतो. पंधरा संधी! मायक्रोसेकंदांच्या फटीत शिरणारा बिघाड पकडायला हे फारच कमी. एकदा पास झाली म्हणून हुश्श करू नये ते यासाठी.

वेळेबाबत एक जुनी गंमत. मध्यंतरी प्रक्रिया-व्यवस्थापनाच्या एका बदलात प्रत्येक फेरीला ३० सेकंद दिले गेले आणि मूळ लेखकाच्या यंत्रावर तीसेक सेकंदांची चाचणी ४२० सेकंदांवर गेली. नंतर ते मागे घेतलं. तुमच्या प्रतीत ही चाचणी सात-सात मिनिटं घेत असेल तर बिघाड कर्नलमध्ये शोधू नका, आधी संचाची आवृत्ती बघा.

नापास म्हणजे नेमकं काय

निकालाच्या फोल्डरात ६५०च्या नावाने तीन फाइली सापडू शकतात: 'आउट डॉट बॅड', 'फुल' आणि 'डीमेसेज' (कर्नलच्या लॉगची प्रत). कोणती आली यावरून रस्ते फुटतात. फक्त उत्तर जुळलं नाही असं असेल तर बहुधा एफएसस्ट्रेसला एरर मिळाली, म्हणजे फाइलसिस्टीमने मध्येच अंग काढून घेतलं. डीमेसेजमध्ये काही सापडलं असं म्हणत असेल तर तिथे वॉर्निंग, असर्ट किंवा लॉकडेपचा (कुलपांच्या, म्हणजे लॉकच्या, चुका पकडणारी तपासणी) लांबलचक मजकूर असेल. फाइलसिस्टीम विसंगत आहे असं तपासणीने सांगितलं तर प्रकरण सगळ्यात गंभीर. आणि चौथा प्रकार, ज्यात फाइलच नसते: यंत्र लटकलं.

या चौघांच्या आधी एक पाचवा प्रकार तपासा, तो म्हणजे खोटा पास. लूप 'ऑनलाइन' फाइलीत लिहिताना येणारी एरर सरळ शून्यात फेकतो. कर्नलने 'बिझी' म्हणून नकार दिला तरी चाचणीला पत्ता नसतो. नोहर्ट्झ-फुल (काही प्रोसेसरांवरचे नियमित टिक थांबवणारा पर्याय) लावलेल्या यंत्रावर वेळ सांभाळणारा प्रोसेसर बाहेर जायला तयार नसतो. कुठल्या ड्रायव्हरचा कॉलबॅकही (ठरावीक क्षणी बोलावलं जाणारं फंक्शन) नकार देऊ शकतो. एकही कोअर बाहेर गेला नाही तरी चाचणी ऐटीत पास. चाचणीवरची आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि दुरुस्ती दोन ओळींची: एरर शून्यात न टाकता 'फुल' फाइलीत जोडा, आणि लिहिण्याआधी प्रोसेसर क्रमांक व कृती केएमएसजीमध्ये एक ओळ म्हणून टाका. मग कर्नलच्या लॉगमध्येच काढा-घालीच्या नोंदी आणि बिघाडाच्या ओळी एकाखाली एक दिसतात. एवढी दुरुस्ती केल्याशिवाय तपासाला बसणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

बंद आणि मृत यांच्यामधली फट

६५०ची खरी किंमत इथे आहे. प्रोसेसर बाहेर जातो तो एका झटक्यात नाही, पायऱ्यापायऱ्यांनी. आधी त्याच्याच 'सीपीयूएचपी' थ्रेडवर आवराआवरीचे कॉलबॅक चालतात. मग सगळं यंत्र क्षणभर थांबवून त्याला 'ऑनलाइन' मास्कमधून, म्हणजे चालू प्रोसेसरांच्या यादीतून, वगळलं जातं. तो झोपतो. आणि त्यानंतर, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोसेसरवर, 'डेड' कॉलबॅक चालतात, जे मृताच्या नावावरचा हिशेब गोळा करून मुख्य खात्यात जमा करतात.

दुकानातला गल्ला डोळ्यांसमोर आणा. चार गल्ले आहेत, प्रत्येकावर आपापली रोकड. एका गल्ल्यावरचा माणूस उठला, 'बंद' अशी पाटी लावून गेला, पण त्याच्या खणातली रोकड अजून तिजोरीत गेलेली नाही. नेमक्या त्याच वेळी मालक 'चालू' पाटी असलेल्या गल्ल्यांची बेरीज करून दिवसाचा हिशेब मांडतो. पैसे चोरीला गेलेले नाहीत, तरी बेरीज चुकली. दोन मिनिटांनी पुन्हा मोजलं तर बरोबर येईल, पण तोवर मालकाने कुणाला तरी दुकानातून हाकललेलं असतं.

कर्नलच्या पर-सीपीयू काउंटरांत (प्रत्येक प्रोसेसरमागे वेगळी ठेवलेली मोजणी) नेमकं हेच होत होतं. अचूक बेरीज करणारं फंक्शन फक्त चालू प्रोसेसरांवर फिरायचं, आणि मास्कमधून गेलेला पण अजून जमा न झालेला प्रोसेसर सुटायचा. २०२३ मध्ये डेव्ह चिनर यांच्या पॅचने ६.३ कर्नलमध्ये हे फंक्शन चालू आणि 'मरणासन्न' अशा दोन्ही मास्कांवर फिरू लागलं. फाइलसिस्टीमवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको: एक्सएफएसचे मोकळे ब्लॉक, एक्सटी४चे मोकळे आणि डर्टी क्लस्टर, बीटीआरएफएसचे डीलॅलॉक (डिस्कवरची जागा अजून न ठरलेले) बाइट, सगळे याच काउंटरांवर उभे आहेत.

एवढ्यावर संपलं नाही. एक्सएफएसच्या लॉगमध्ये (फाइलसिस्टीममधल्या बदलांची नोंदवही) कमिट झालेल्या वस्तूंची एक यादी असते, सीआयएल. एकाच कुलपावर सगळ्यांची गर्दी होऊ नये म्हणून ६.० कर्नलमध्ये ही यादी आणि तिने वापरलेल्या जागेचा हिशेब पर-सीपीयू केला गेला. वेग वाढला, पण जमा करणारा लूप पुन्हा चालू प्रोसेसरांवरच फिरत होता, म्हणजे तीच फट. ६५० चालवताना कर्नलच्या लॉगमध्ये आधी 'सीपीयू ३ इज नाऊ ऑफलाइन' अशी ओळ यायची आणि तिच्या पाठोपाठ 'सीटीएक्स तिकीट रिझर्वेशन रॅन आउट'. मग एक्सएफएसचा लॉग बंद, फाइलसिस्टीम बंद, एफएसस्ट्रेसच्या हातात एरर.

ही दुसरी ओळ वाचून जवळपास प्रत्येक जण आधी चुकीच्या दिशेला जातो. तिकिटाचं रिझर्वेशन (बदलासाठी लॉगमध्ये आधीच राखलेली जागा) कमी पडलं म्हणतंय, तर मग कुठल्या तरी ट्रान्झॅक्शनची जागा वाढवायला हवी, असं वाटतं. संदेशातच तसं सुचवलंय. पण रिझर्वेशन पुरेसंच होतं. ते मोजणाऱ्याने एक गल्ला वगळला होता. वरची ऑफलाइनची ओळ दिसली नसती तर रिझर्वेशनच्या सूत्रांमध्ये आठवडा गेला असता. आणि हा नशिबाचा भाग धरला पाहिजे, कारण मर्यादा ओलांडली गेली तरच लॉग बंद पडतो. तेवढं घडलं नाही तर चूक गप्प राहते.

६.६ कर्नलमधली दुरुस्ती अभ्यासण्यासारखी आहे. काउंटरांसारखंच मरणासन्न मास्कवर फिरलं तर ६५० शांत होते, हे दिसलं होतं. पण तो मास्क म्हणजे हॉटप्लग यंत्रणेच्या घरातली गोष्ट. बाहेरच्यांनी त्यावर विसंबू नये असा आक्षेप होता. म्हणून एक्सएफएसने सरळ स्वतःचा मास्क ठेवला: या खेपेत कोणकोणत्या प्रोसेसरने खणात काही टाकलं, एवढीच नोंद. जमा करताना त्या नोंदीवर फिरायचं, पाटी चालू आहे की बंद हा प्रश्नच नाही. आयनोड (फाइलची कर्नलमधली नोंद) मोडीत काढणाऱ्या पर-सीपीयू रांगांनाही असाच मास्क मिळाला, आणि एक्सएफएसमधली हॉटप्लग कॉलबॅकची सगळी सोय काढून टाकता आली. दुरुस्तीनंतर कोड कमी झाला, हे या क्षेत्रात रोज घडत नाही.

तुमच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये हाच बिघाड आहे का ते पाहायला चाचणीचीही गरज नाही. चालू प्रोसेसरांवर फिरणारे सगळे लूप ग्रेपने (मजकूर शोधणारं हत्यार) काढा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पाटी उतरलेल्या पण रोकड न दिलेल्या गल्ल्याचं काय? शक्य त्या सर्व प्रोसेसरांवर फिरणं सुरक्षित असतं, फक्त मोठ्या यंत्रांवर महाग पडतं.

बाकीचे संशयित

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे एका प्रोसेसरला बांधलेल्या वर्कक्यू, म्हणजे कर्नलमधल्या कामांच्या रांगा. कोअर गेला की तिथल्या कामगारांचं बंधन सुटतं आणि काम दुसऱ्याच कोअरवर चालू शकतं. काम करणाऱ्या फंक्शनने 'मी ज्या प्रोसेसरवर चालतोय त्याच्याच रांगेचा मी मालक' असं गृहीत धरलं असेल तर दुसऱ्याच्या रांगेत हात जातो. तसंच ठरावीक प्रोसेसरवर काम टाकणाऱ्याने तो तोवर जाणार नाही याची काळजी स्वतः घ्यायची असते.

तिसरा, ब्लॉक स्तर, म्हणजे डिस्कपर्यंत मागण्या नेणारा कर्नलचा भाग. एनव्हीएमई डिस्कच्या प्रत्येक रांगेचा इंटरप्ट (काम झाल्याची सूचना) ठरावीक प्रोसेसरांना नेमलेला असतो. त्या रांगेचे सगळे प्रोसेसर गेले की रांगेत अडकलेल्या मागण्यांचं काय? ५.८ कर्नलपासून शेवटचा प्रोसेसर जाण्याआधी चालू मागण्या पूर्ण होईपर्यंत थांबलं जातं. ते थांबणं कधी संपलंच नाही तर 'सीपीयूएचपी' थ्रेड डी अवस्थेत (मध्येच न मोडता येणारी झोप) अडकतो, १२० सेकंदांनी हंग-टास्कची ओळ येते, आणि हॉटप्लगचं कुलूप त्याची वाट पाहणाऱ्या, 'ऑनलाइन' फाइलीत लिहिणाऱ्या प्रक्रियेच्या हातात असल्याने त्या कुलपाची वाट पाहणारं बाकी सगळं मागे रांग लावतं. बॅकट्रेसमध्ये फाइलसिस्टीमची नावं ढीगभर दिसतील; ती बळी आहेत, गुन्हेगार नव्हेत. अशा वेळी सिसआरक्यूचा (कर्नलला थेट हुकूम देणारी कळ) डब्ल्यू दाबून अडकलेल्यांची यादी काढा, लॉकडेप असेल तर डी दाबून कुणाकडे कोणतं कुलूप ते पाहा, आणि सगळ्यात आधी 'सीपीयूएचपी' थ्रेडचा स्टॅक वाचा.

चौथा संशयित तुमचा होस्ट. बारा कोअरच्या होस्टवर आठ-आठ व्हीसीपीयूची पाच यंत्रं चालवली तर पाहुण्या यंत्राचा प्रोसेसर होस्टकडून वेळेवर पाळी मिळत नाही म्हणूनही वीस सेकंद अडकू शकतो, आणि सॉफ्ट-लॉकअपची ओळ छापली जाते. आरसीयू (कर्नलची कुलपाविना वाचनाची यंत्रणा) स्टॉलचंही तेच. मूळ कर्नलमध्ये त्याची मर्यादा २१ सेकंदांची आहे. असे निकाल बाजूला ठेवून आधी रिकाम्या होस्टवर पुन्हा चालवा.

तपासाचा क्रम

आधी चाचणीचे दोन तुकडे करा. जेनेरिक ४७६ चालवा. तिच्यातही फक्त लिखाणाचाच एफएसस्ट्रेस आहे, हॉटप्लग नाही. ती नापास झाली तर प्रोसेसरचा विषयच मिटला. मग उलट बाजू: फाइलसिस्टीमवर काही न करता नुसती काढा-घाल. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये सीपीयू-हॉटप्लगचा छोटा स्क्रिप्ट आहे, एलटीपी या लिनक्सच्या चाचणीसंचातही त्याच नावाच्या चाचण्या आहेत. तो एकटाच चालवून नापास झाला तर फाइलसिस्टीमवाल्यांनी घरी जावं. दोन्ही पास आणि ६५० नापास, तरच पुढे.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच डिव्हाइस, दुसरी फाइलसिस्टीम: दोन्ही पडल्या तर बोट खाली, ब्लॉक स्तराकडे किंवा सामायिक कोडकडे. तीच फाइलसिस्टीम, पण एनव्हीएमईऐवजी रॅमडिस्क: तिला मागण्यांच्या रांगा नसतात, त्यामुळे लटकणं थांबलं तर ड्रायव्हरवर संशय बळावतो. बळावतो एवढंच, रॅमडिस्कने वेळाही बदलतात, म्हणून याला पुरावा मानू नका.

ट्रेसिंगसाठी 'सीपीयूएचपी' गटातल्या घटना चालू करा. प्रत्येक कॉलबॅक कधी शिरला, कधी निघाला, काय उत्तर देऊन निघाला ते दिसतं. क्रमांकांची नावं सिसएफएसमधल्या हॉटप्लगच्या 'स्टेट्स' फाइलीत आहेत. घड्याळ मात्र 'लोकल' ठेवू नका. ते प्रोसेसरांमध्ये जुळलेलं असेलच असं नाही, आणि इथे कुठल्या कोअरवर आधी काय झालं हाच प्रश्न आहे. 'ग्लोबल' किंवा 'मोनो' घ्या.

बिघाड क्वचित येत असेल तर फट रुंद करा. अर्ध्या सेकंदाची झोप ०.०५वर आणा, संशयित 'डेड' कॉलबॅकच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांचा मुद्दाम विलंब टाका. फटीचा बिघाड असेल तर विलंबानंतर तो धो-धो येऊ लागतो, आणि तसा आला की निदान जवळपास पक्कं. कर्नल बांधताना हॉटप्लग स्टेट कंट्रोल हा पर्याय दिला तर 'टार्गेट' फाइलीतून प्रोसेसरला मधल्या पायरीवर उभंही करता येतं. जिथे थांबायला मनाई आहे अशा पायऱ्या सोडून. एखाद्या पायरीवर कृत्रिम अपयश घडवायचं तर तिथेच 'फेल' फाइल आहे. अर्धवट बाहेर गेलेला प्रोसेसर परत आत घेणारा कोड बहुतेकांनी कधी चालवूनच पाहिलेला नसतो.

एफएसस्ट्रेसचं बीज (यादृच्छिक क्रम ठरवणारी सुरुवातीची संख्या) नोंदवून ठेवायला हरकत नाही, पण त्याच बीजाने बिघाड पुन्हा येईल ही आशा धरू नका. बीज क्रियांचा क्रम ठरवतं, प्रोसेसर कधी जाईल ते नाही.

डीबगवाला कर्नल आणि साधा कर्नल, दोन्ही ठेवा. एक्सएफएस डीबग, लॉकडेप, हंग-टास्क, वर्कक्यू वॉचडॉग हे हवेतच. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) मात्र यंत्र इतकं मंदावतो की काही फटी बुजतात. साध्या कर्नलवर दहातून एकदा येणारा बिघाड केसॅनवर शंभरात न दिसणं नवल नाही.

कुठे चालवू नये, आणि दुसरे पर्याय

ज्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचं काही चालतं तिथे अजिबात नाही. प्रोसेसर गेला की त्याला बांधलेल्या प्रक्रियेचं बंधन कर्नल मोडतो, लॉगमध्ये 'नो लाँगर अफाइन' अशी ओळ टाकतो, आणि प्रोसेसर परत आला तरी बंधन परत लावत नाही. सीग्रुपच्या (प्रक्रियांचे गट करून साधनं वाटणारी सोय) पहिल्या आवृत्तीतल्या सीपीयूसेटमधून गेलेला क्रमांकही परत येत नाही. चाचणी शेवटी सगळे प्रोसेसर इमानदारीने चालू करते, पण या जखमा तिला दिसत नाहीत. आभासी यंत्रांचा होस्ट, कंटेनरांचा सर्व्हर, वेग मोजायचं यंत्र: तिन्ही वर्ज्य. संचातल्या इतर चाचण्या समांतर चालत असताना ६५० लावणं हेही तसंच. शेजारच्या चाचण्या उगाच पडतील आणि तुम्ही त्यांच्या मागे लागाल.

स्ट्रेस-एनजीमध्येही सीपीयू-ऑनलाइन नावाचा प्रकार आहे, पण त्याला मुद्दाम 'पॅथॉलॉजिकल' पर्याय द्यावा लागतो, आणि फाइलसिस्टीमची नंतरची तपासणी त्यात नाही. आरसीयूटॉर्चरमध्ये काढा-घालीचा कालांतर ठरवता येतो. तो आरसीयूसाठी उत्तम, इथे पूरक. अनमाउंट, तपासणी, डीमेसेजची चाळणी हे सगळं एकत्र हवं असेल तर ६५०ला तोड नाही. पाचात चार गुण; पाचवा त्या गिळलेल्या एररसाठी कापला.

बायसेक्ट करताना किती वेळा

बायसेक्ट म्हणजे बिघाड आणणारा बदल (कमिट) इतिहास अर्धा-अर्धा करत शोधणं. इथे घाई करणारे हमखास चुकीच्या कमिटवर जाऊन आदळतात. बिघाड दर खेपेला दहा टक्के शक्यतेने येत असेल, तर खराब कमिटही सलग वीस वेळा पास होण्याची शक्यता बारा टक्के उरते. ती एक टक्क्यावर आणायला सलग ४४ पास लागतात. शक्यता पाच टक्के असेल तर ९०. तीस सेकंदांच्या हिशेबाने ४४ खेपांना बावीस मिनिटं, ९०ला पाऊण तास, तेही एका पायरीला. म्हणून आधी फट रुंद करून शक्यता वाढवा, मग बायसेक्ट लावा. संच चालवणाऱ्या 'चेक' या स्क्रिप्टला मोठ्या आयचा पर्याय आणि ४४ द्या. पहिल्या अपयशाला तो थांबतो, खराब कमिटवर वेळ जात नाही. छोटा आय तेवढ्याच वेळा चालतो पण थांबत नाही, तो शक्यता मोजण्यासाठी.

दुरुस्ती झाल्यावर विलंबाच्या ओळी काढायला विसरू नका, आणि मग सोक ड्युरेशन (चाचणी किती सेकंद चालवायची ते सांगणारा पर्याय) लावून लांब चालवा. तो आकडा पूर्ण चाचणीचा असतो, दहा फेऱ्यांत वाटला जातो: ३६०० दिलेत तर प्रत्येक फेरी ३६० सेकंदांची. अनमाउंटच्या झडतीत सापडणारा बिघाड असेल तर एका लांब खेपेपेक्षा छोट्या खेपा अनेकदा चालवलेल्या बऱ्या, कारण खेप कितीही लांबवली तरी फेऱ्या दहाच राहतात.